पाप कोणाच्या खात्यावर?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आमच्या पेठेंत नवी वही पुजली जाते आणि जुन्या वहींतील बाकी नव्या वहींत ओढली जाते. ही रीत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, परलोकाचा विचार करतांनाहि आमच्या डोळ्यांपुढें वहीच उभी राहते. चित्रगुप्त हा कारकून, यमधर्म हा धनी, आणि प्रत्येक जीव हा एक खातेदार. पाप नांवें पडतें, पुण्य जमा होतें, आणि अखेरीस जी बाकी निघेल तिच्याप्रमाणें ज्याचा त्याचा निकाल लागतो. यात्रा, दान, उद्यापन, अन्नसंतर्पण या साऱ्या जमेच्या रकमा होत. ही कल्पना भोळ्याभाबड्या लोकांचीच आहे असें नव्हे. ज्यांनीं देवधर्म सोडला आहे ते सुशिक्षित गृहस्थहि 'आपण कोणाचें वाईट केलें नाहीं, आपला हिशेब चोख आहे' असें म्हणतात, तेव्हां चित्रगुप्ताला रजा देऊन वही मात्र त्यांनीं आपल्याकडे ठेवून घेतलेली असते.

या वहीवर आमचा आक्षेप आहे. आणि तो वेदान्ताचा नसून व्यवहाराचा आहे.

एक साधें उदाहरण घ्या. एखादा दुकानदार तागडीला पासंग लावून प्रत्येक गिऱ्हाइकामागें थोडा माल मारतो. गिऱ्हाईक मोलमजुरी करणारें. त्याच्या घरीं त्या दिवशीं एक भाकरी कमी होते. वर्षाअखेर त्या दुकानदाराच्या मनाला टोंचणी लागते, म्हणून तो पंढरपुरास जाऊन अन्नदान करतो, किंवा धर्मशाळेला एक खोली बांधून देतो आणि वर आपल्या मातोश्रींच्या नांवाची फरशी बसवितो. वहीच्या हिशेबानें त्याची बाकी फिटली. पण ज्या मजुराच्या पोरानें रात्रीं अर्धपोटीं झोंप घेतली तो या सर्व व्यवहारांत कोठें आहे? त्याचें नांव नांवेंहि नाहीं आणि जमेलाहि नाहीं. पाप झालें तें दुकानदाराचें, फेडलें तें दुकानदारानें, आणि पोंचपावती दिली ती देवानें! ज्याचा माल गेला तो दुकानाच्या पायरीशीं जसा उभा होता तसाच उभा आहे, आणि तागडीचा पासंगहि कदाचित् जागच्या जागींच आहे.

पापाकडे पाहण्याची दुसरी जुनी रीत म्हणजे तें डाग मानण्याची. विटाळ, मळ, अशौच हे शब्द त्याच कुळांतले. डाग धुण्याला पाणी लागतें, पंचगव्य लागतें, मंत्र लागतात. ज्याला दुखविलें तो माणूस येथेंहि लागत नाहीं. तिसरी रीत पापाला वंशपरंपरेचा रोग मानण्याची. ख्रिस्ती धर्मांत आगस्तीन नांवाच्या आचार्यानें पांचव्या शतकाच्या आरंभीं तिला शास्त्राचें रूप दिलें. त्याचें म्हणणें, मूळ पुरुषाच्या पतनामुळें मनुष्यमात्राची इच्छाशक्तीच जन्मतः वांकडी झाली आहे. ईश्वरी कृपेवांचून ती सरळ होणें नाहीं. पेलागियस नांवाच्या यतीनें त्याला विरोध केला. प्रत्येक जीव कोऱ्या पाटीनें जन्मतो आणि भलेंबुरें निवडण्याची शक्ति त्याच्या ठायीं पूर्ण असते, असा त्याचा पक्ष. इ. स. ४१८ मध्यें कार्थेज येथें भरलेल्या धर्मसभेनें पेलागियसाचा पक्ष त्याज्य ठरविला. परंतु वाद संपला नाहीं, आणि तो केवळ ख्रिस्ती लोकांपुरताहि नाहीं. प्रारब्ध थोर कीं पुरुषार्थ थोर, हा आमच्या ओसरीवरचा वाद त्याचाच सख्खा भाऊ होय.

या तिन्ही उपमांत एक समान व्यंग आहे. पाप ही वस्तु एका माणसाच्या ठिकाणीं असते, मग ती रक्कम असो, डाग असो कीं रोग असो, अशी समजूत तिन्हींच्या मुळाशीं आहे. आमचें मत असें कीं, पाप एका माणसाच्या ठिकाणीं नसतेंच. तें दोघांच्या मध्यें असतें. रस्त्यावरचा पूल पडला तर तो या कांठाचा पडला कीं त्या कांठाचा, असें कोणी विचारीत नाहीं. दोन कांठांमधलें जाणेंयेणें बंद झालें, एवढेंच दिसतें. पाप हें असें नात्यांतील मोडणें आहे. अमुक कृत्य पाप कां, याचें उत्तर तें कृत्य करणाऱ्याच्या आत्म्याला काय चिकटलें यांत शोधूं नये. त्या कृत्यानें कोण कोणाला मुकला, कोणाचा विश्वास बुडाला, कोणाचें माणूसपण नाकारलें गेलें, यांत तें शोधावें.

हा विचार नवा नाहीं. शतपथ ब्राह्मणांत मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असें सांगितलें आहे, आणि तेथें देवांचें, ऋषींचें व पितरांचें या तीन ऋणांबरोबर मनुष्यांचें म्हणून चौथें ऋणहि मोजलेलें आहे. तीन ऋणें आमच्या कीर्तनकारांना तोंडपाठ आहेत. चौथें कोठें गहाळ झालें याचा शोध शास्त्रीमंडळींनीं अवश्य घ्यावा. तीन ऋणें फेडतांना दक्षिणा मिळते आणि चौथें फेडतांना मिळत नाहीं, एवढेंच त्याचें कारण असेल असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. यहुदी लोकांच्या मिश्ना या जुन्या धर्मसंग्रहांत तर याविषयीं नियमच आहे. त्यांच्या वार्षिक प्रायश्चित्ताच्या दिवशीं देवाविरुद्ध घडलेल्या पापांची क्षमा होते. पण माणसानें माणसाविरुद्ध केलेल्या पापाची क्षमा, दुखावलेल्याची समजूत घातल्याशिवाय, त्या दिवसानेंहि होत नाहीं. कोंकणांत पिढ्यान्पिढ्या तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवार पाळणारे आमचे बेने इस्राएल बांधव मराठींत बोलत, मराठींत कीर्तनें करीत, हाच उपवास पाळीत आले आहेत. शेजाऱ्याच्या घरचा हा नियम आम्हीं इतक्या शतकांत उसना घेतला नाहीं, याचें वाईट वाटतें.

आतां स्वातंत्र्याकडे वळूं. कारण जो स्वतंत्र नाहीं त्याला पापी म्हणण्यांत अर्थ नाहीं.

स्वातंत्र्य म्हटलें कीं आम्हांस देवाला सोडलेला पोळ आठवतो. वेसण नाहीं, दावें नाहीं, कोणाच्याहि शेतांत शिरावें आणि चरावें. कोणाशीं कांहीं संबंध नसणें म्हणजे स्वतंत्र असणें, ही समजूत आजकाल तरुणांत फार दिसते, आणि म्हाताऱ्यांच्या मनांतहि ती असते म्हणूनच ते स्वातंत्र्याला भितात. पण व्यापाऱ्यानें आपल्याच धंद्याकडे पाहावें. पेठेंत स्वतंत्र कोण? ज्याला कोणी ओळखत नाहीं, ज्याला कोणी उधार देत नाहीं, ज्याच्या शब्दावर कोणी पोतें उचलूं देत नाहीं, तो स्वतंत्र काय? त्याला तर हात हलवायलाहि जागा नसते. ज्याची पत आहे तो एका शब्दावर गाडीभर माल मागवूं शकतो. आणि पूर्वी ज्याची हुंडी सुरतेपासून हैदराबादेपर्यंत चाले त्याचे हात तितके लांब असत. ही पत त्यानें एकट्यानें घरांत बसून निर्माण केलेली नसते. ती लोकांनीं दिलेली असते, आणि तरीहि ती त्याची असते. लहान मूल आईच्या तोंडून शब्द घेतें आणि पुढें त्याच शब्दांनीं आईशीं भांडतें. भांडण्याचें तें स्वातंत्र्य त्याला आईनेंच दिलें. मनुष्याचें सारें स्वातंत्र्य या जातीचें आहे. नात्यांबाहेर तें नाहीं. नात्यांनीं दिलेलें, नात्यांत वापरावयाचें असें तें बळ आहे.

येथें कोणी सुज्ञ वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, 'संपादकमहाशय, नात्यांचें एवढें कौतुक पुरे. याच नात्यांनीं आमचे गळे आवळले आहेत. जात म्हणजे नातींच नव्हेत काय?' हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्यासाठीं पुण्यांतील एक जुनें प्रकरण सविस्तर सांगतों.

१८९० सालच्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत एक व्याख्यान झालें आणि त्यानंतर पाहुण्यांना चहाबिस्किटें देण्यांत आलीं. पाहुण्यांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, शहरांतील दुसरेहि पुष्कळ नामांकित गृहस्थ होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलें, त्यांनीं चौकशीसाठीं शास्त्र्यांचें मंडळ नेमलें, दोन वर्षें घोळ चालला. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. आपण कांहीं पाप केलें असें त्यांस वाटत होतें म्हणून नव्हे. ज्या स्नेह्यांचे संसार या बहिष्कारानें अडले होते त्यांची वाट मोकळी व्हावी म्हणून. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं आपल्या आठवणींत ही गोष्ट लिहिली आहे, आणि पतीचें हें करणें आपल्याला रुचलें नाहीं हेंहि लपविलें नाहीं. सुधारकांना तर तो मोठाच धक्का होता.

या प्रकरणांत पाप कोठें होतें? चहाच्या पेल्यांत खासच नव्हतें. चहाच्या पेल्यानें कोणाची भाकरी गेली नव्हती, कोणाचा विश्वास बुडाला नव्हता. उलट दोन धर्मांचीं माणसें एका टेबलाशीं बसलीं, म्हणजे एक नवें नातें जुळूं पाहत होतें. मोडलें तें दुसऱ्या बाजूनें. ग्रामण्य करणाऱ्यांचें शस्त्र कोणतें होतें पाहा. ते कोणाला मारीत नाहींत, कोणाला तुरुंगांत घालीत नाहींत. श्राद्धाला ब्राह्मण येऊं द्यायचा नाहीं, सोयरिकी होऊं द्यायच्या नाहींत, लेकीसुनांचें माहेरीं जाणेंयेणें अडवायचें. ज्या नात्यांवांचून मनुष्य जगूं शकत नाहीं तींच ओलीस धरायचीं, आणि मग विचारायचें, 'आतां बोला, चूक झाली कीं नाहीं?'

रानड्यांनीं मान तुकविली याबद्दल त्यांना भेकड म्हणणारे त्या काळीं होते, आजहि आहेत. आम्ही त्यांत नाहीं. मित्रांच्या संसारासाठीं आपला मान खालीं घालणें हाहि नात्याचाच धर्म होता. तथापि त्यांनीं योग्य केलें असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. एका थोर माणसानें ओलिसांची खंडणी भरली म्हणजे ओलीस धरण्याचा धंदा बंद पडत नाहीं. तो चालतो हें सर्वांना कळतें. रमाबाईंना जें टोंचलें तें हेंच असावें.

सबब आक्षेपकाला आमचें उत्तर असें कीं, नातें आणि ओलीस यांतला फरक ओळखण्याची एक खूण आहे. ज्या नात्यांत 'नाहीं' म्हणतां येतें आणि 'नाहीं' म्हटल्यावरहि बोलणें चालू राहतें, तें नातें होय. जेथें एका बाबतींत 'नाहीं' म्हणतांच बाकीचीं सर्व नातीं तोडण्याची धमकी येते, तेथें नात्याचें फक्त सोंग उरलेलें असतें. बाप मुलीला म्हणतो, 'हें लग्न मला पसंत नाहीं', तोंवर तो बाप आहे. 'हें लग्न केलेंस तर आईचें तोंड पाहूं देणार नाहीं', म्हणूं लागला कीं त्याच क्षणीं तो पंच होतो.

डागाच्या कल्पनेनें किती अनर्थ होतो याचा दाखला पाहावयाचा तर महाडचा पाहावा. मुंबई कायदेमंडळानें सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्यें मंजूर केला होता कीं, सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनेंहि १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरांत राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग परिषदेस आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आतां देवळांत शिरणार अशी आवई उठवून, त्यांच्यावर लाठ्या चालल्या, जेवणाऱ्यांचें अन्न मातींत मिसळलें. आणि मग गांवांतल्या सनातनी मंडळींनीं काय केलें? माणसांचीं डोकीं फुटलीं होतीं त्याचें प्रायश्चित्त घेतलें नाहीं, पाण्याचें घेतलें! पंचगव्याच्या एकशेंआठ घागरी तळ्यांत ओतून तळें शुद्ध केलें. ज्या तळ्यांत गुरेंढोरें पाणी पीत होतीं तें माणसाच्या ओंजळीनें बाटलें, आणि ज्या रस्त्यावर माणसांचें रक्त सांडलें तो मात्र कोणाला बाटलेला दिसला नाहीं. या खटल्याचा निकाल मुंबई हायकोर्टांत तळ्यावर येणाऱ्यांच्या बाजूनें लागला तो १७ मार्च १९३७ रोजीं, म्हणजे ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें.

त्याच महाडांत सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे हे स्पृश्य वर्गांतील गृहस्थ आंबेडकरांच्या बरोबर उभे होते, हें विसरतां येत नाहीं. त्यांनाहि जात होती, सोयरे होते, गांव होतें. त्यांचें स्वातंत्र्य हवेंतून आलें नव्हतें. एका नात्याचा ताण दुसऱ्या नात्यानें तोलून धरला, एवढेंच त्यांनीं केलें. मनुष्य अनेक नात्यांत असतो म्हणूनच कोणत्याहि एका नात्याचा गुलाम होण्याचें त्याला कारण नसतें.

महाडची गोष्ट काढली कीं हमखास एक वाक्य ऐकूं येतें: 'तें आमच्या आजोबांनीं केलें, आम्हीं काय केलें?' पेलागियसाच्या पाटीवर हें वाक्य बरोबर आहे. आजोबांचा गुन्हा नातवाच्या नांवें लिहिणें अन्याय होय, आणि जन्मानें कोणी पापी ठरत असेल तर जन्मानें कोणी अस्पृश्य ठरतो या मताला आपण कोणत्या तोंडानें दोष देणार? परंतु नात्याच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रश्न निराळाच होतो. तुम्हीं काय केलें हें कोणी विचारीत नाहीं. तुम्हीं कोठें उभे आहां हें विचारलें जातें. आजोबांची पेढी चालवितांना त्यांची येणीं वसूल करायचीं आणि देणीं मात्र 'तें आजोबांचें' म्हणून झिडकारायचीं, हा न्याय पेठेंत कोणी चालूं देईल काय? मोडलेल्या नात्यांत जन्माला येणें हा गुन्हा नाहीं. मोडलेलें आहे हें दिसत असतां त्याचा फायदा घेत राहणें, हें मात्र आपलें स्वतःचें कृत्य आहे, आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल. आगस्तीन आणि पेलागियस या दोघांच्याहि म्हणण्यांतला खरा अंश येणेंप्रमाणें एकत्र ठेवतां येतो असें आम्हांस वाटतें. विद्वानांनीं आमची चूक दाखविल्यास ती आम्ही छापूं.

सामुदायिक पापाच्या बाबतींत थोरांचीहि गल्लत झालेली आहे. जानेवारी १९३४ मध्यें बिहारांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां महात्मा गांधींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराचा दंड आहे असें सांगितलें. रवींद्रनाथ ठाकूर यांनीं जाहीर निषेध केला. सृष्टीच्या घडामोडींचा नीतीशीं असा संबंध जोडणें विवेकाला सोडून आहे, असें त्यांचें म्हणणें. आमचें मत रवींद्रनाथांच्या बाजूचें आहे. अस्पृश्यता हें साऱ्या हिंदु समाजाचें पाप आहे हें गांधींनीं ओळखलें, तें त्यांचें मोठेपण. परंतु दंडाचा हिशेब मांडतांना तेहि वहीकडेच वळले. जमीन हादरली तेव्हां झोंपडी पडली ती बहुधा त्याच गरिबाची, ज्याच्यावर पाप झालें होतें. असा हिशेब मांडणारा देव आमच्या पेठेंत मुनीम म्हणूनहि कोणी ठेवणार नाहीं.

अर्वाचीन काळांत हा विचार सर्वांत स्पष्ट मांडला तो मार्टिन बुबर या यहुदी तत्त्वज्ञानें. 'मी आणि तूं' या अर्थाच्या नांवाचें त्याचें जर्मन पुस्तक १९२३ सालीं निघालें. माणूस दुसऱ्याकडे वस्तु म्हणून पाहतो किंवा 'तूं' म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो, आणि या दोहोंत पाहणारा 'मी' सुद्धां एकच राहत नाहीं, हें त्यांतील मर्म. पुढें १९५७ मध्यें अमेरिकेंत मनोविकारांच्या वैद्यांपुढें बोलतांना त्यानें आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली. अपराधाची टोंचणी आणि अपराध या दोन वस्तु आहेत. वैद्यानें टोंचणी घालविली म्हणून अपराध जात नाहीं. ज्याचा अपराध केला तो हयात असेल तर त्याच्यासमोर जावें, तोंडावर कबुली द्यावी, आणि झालेल्या नुकसानींतून वर येण्यास त्याला हात द्यावा. येथवर आम्ही त्याचे शिष्य आहों. परंतु जगाला झालेली जखम जेथें झाली तेथेंच नव्हे, इतरत्रहि भरून काढतां येते, असेंहि तो म्हणतो. मेलेल्या माणसाच्या बाबतींत याला इलाज नाहीं हें खरें. तरी हें वाक्य आमच्या धर्मशाळा बांधणाऱ्या मित्रांच्या कानीं पडूं नये अशी आमची इच्छा आहे. त्यांना तें फारच लवकर पटेल.

आतां कायद्याची स्थिति पाहूं. बहिष्काराचें शस्त्र काढून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबई इलाख्यानें १९४९ मध्यें केला. जातींतून अगर पंथांतून कोणासहि बाहेर टाकणें त्या कायद्यानें बंद झालें. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनीं त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९६२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें तो कायदा रद्द ठरविला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणें हा पंथाच्या धर्मव्यवस्थेचा भाग आहे आणि तिला घटनेच्या सव्विसाव्या कलमाचें संरक्षण आहे, असा निकाल. सरन्यायाधीश सिन्हा यांचें मत निराळें पडलें. बहिष्कृत माणसाची स्थिति अस्पृश्यासारखी होते, आणि त्याला माणूस म्हणून वागवून घेण्याचा हक्क देणारा कायदा धर्मावरचा घाला नव्हे, अशा रोंखाचें तें होतें. फेब्रुवारी २०२३ मध्यें पांच न्यायाधीशांच्या पीठानें त्या जुन्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण नऊ जणांच्या पीठाकडे सोंपविलें. इकडे महाराष्ट्रांत डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं जातपंचायतींविरुद्ध चळवळ उभारली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉक्टरांचा खून झाला, तरी काम थांबलें नाहीं. विधिमंडळानें एप्रिल २०१६ मध्यें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अंमलांत आला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत आहे.

हा कायदा पंचांसाठीं आहे असें पेठेंतील लोक समजतात. वाळीत टाकण्याचा ठराव पंच करतात हें खरें. पण पंच नुसता बोलतो. त्याच्या बोलण्याला हातपाय कोण देतो? वाण्यानें मीठ दिलें नाहीं, गिरणीवाल्यानें दळण घेतलें नाहीं, न्हाव्यानें दाढी केली नाहीं, टेंपोवाल्यानें भाजी बाजारांत नेली नाहीं, मयताला खांदा द्यायला शेजारी आला नाहीं, तेव्हां कोठें एक कुटुंब वाळीत पडतें. पंचांचा ठराव दुकानाच्या फळीवर येऊन थांबला तर तो नुसता आवाज राहतो. माल देण्याचें नाकारणें हेंहि त्या कायद्यांत बहिष्कारच आहे, हें फार थोड्या दुकानदारांस ठाऊक आहे.

दुकानदाराची अडचण आम्ही हलकी लेखीत नाहीं. त्या एका कुटुंबाला मीठ दिलें तर उद्यां सारी वस्ती दुसऱ्या दुकानीं जाईल, ही त्याची भीति खरी आहे. पंचहौदाच्या वेळीं रानड्यांच्या स्नेह्यांचीहि अशीच खरी होती. एकट्या माणसाला हें ओझें पेलत नाहीं, आणि पेलत नाहीं म्हणून त्याला शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. म्हणूनच ही गोष्ट एकट्याची ठेवूं नये. गांवोगांवीं किराणा व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, गिरणीवाल्यांच्या आहेत, वाहतूकवाल्यांच्या आहेत. भाव आणि सुट्ट्या ठरविण्यास त्या एकत्र बसतात. त्यांनीं पुढल्या बैठकींत एक कलम घालावें: कोणत्याहि पंचांच्या सांगण्यावरून कोणासहि माल अगर काम नाकारावयाचें नाहीं, आणि एकाच्या दुकानावर त्याबद्दल बहिष्कार आला तर बाकीच्यांनीं ती वस्ती आपल्याकडे ओढावयाची नाहीं. दुसरें कलम पहिल्यापेक्षां महत्त्वाचें आहे, कारण पहिलें मोडतें तें दुसऱ्याच्या अभावीं.

आणि ज्या दुकानांतून यापूर्वी कोणी रिकाम्या पिशवीनें परत गेला असेल, त्या दुकानदारानें नव्या वहीची पूजा होण्याआधीं त्याच्या घरीं जावें. कोणतें घर, हें त्याला विचारावें लागणार नाहीं.